कोल्हापूर ते डिचोली : जुनी पोलो जीटी, तिची चार चाकं आणि साडेपाच महिने

गाडी घरी येऊन, नवा नंबर लागून, एक पावसाळा काढून झाला. आता लिहायला हरकत नाही. २०२४ च्या जानेवारीत शोध सुरू केला तेव्हा नेमकं कुठून सुरुवात करायची हे सांगणारं मला जवळ कोणी नव्हतं. परराज्यातली जुनी पण जोरकस गाडी गोव्यात आणायचा विचार तुम्ही करत असाल तर माझ्या तारखा, खर्च आणि चुका तुमच्या कामी येतील.

आधी गाडीबद्दल. मला हवी होती फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. २०१३ मध्ये आलेली, १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस, १७५ न्यूटन मीटर टॉर्क (ओढायचा जोर) आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आकडे आज फार मोठे वाटणार नाहीत, पण एवढ्या छोट्या गाडीत हे इंजिन कमी आरपीएमपासून जे ओढतं ते एकदा अनुभवलं की डोक्यातून जात नाही. पोलोचं चाकणमधलं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, म्हणजे जी काही मिळेल ती जुनीच. मी डिचोलीहून रोज पणजीला जातो, एका बाजूने तीसेक किलोमीटर. साडेपाच लाख गाडीला आणि एक लाख बाजूला, असा हिशेब मी पहिल्याच दिवशी वहीत लिहिला. बाजूला काढलेला तो एक लाख नसता तर हे प्रकरण मार्चमध्येच फसलं असतं.

जानेवारी-फेब्रुवारीत गोव्यातच चार गाड्या पाहिल्या. पर्वरीत एक ऑक्टाविया व्हीआरएस होती, २३० पीएसची. चालवून पाहिली, छाती भरून आली, आणि तिच्या ब्रेक-टायरचे भाव विचारून परत आलो. म्हापशात एक अबार्थ पुंटो होती. १.४ टी-जेट, १४५ पीएस, चारही चाकांना डिस्क ब्रेक. मालकाने जिवापाड सांभाळलेली. पण फियाटने भारतात गाड्या विकणं थांबवून वर्षं झाली आणि दारात दुसरी गाडी नाही. एखाद्या सुट्या भागासाठी दोन-दोन महिने उभी ठेवणं मला परवडणारं नव्हतं. ज्यांच्याकडे दुसरी गाडी आहे त्यांनी मात्र अबार्थचा विचार जरूर करावा, असं मी मनापासून सांगेन.

उरलेल्या दोन पोलोच होत्या, दोन्ही किनारपट्टीच्या. एकीच्या चारही रिमांच्या कडा फुटपाथला घासून खरवडलेल्या, ब्रेक डिस्कला कडेला नखात अडकेल एवढा काठ आणि मागच्या सीटखालच्या कार्पेटमध्ये समुद्राची बारीक वाळू. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी, पण चार वेगवेगळ्या हातांनी चालवल्यासारखी. गोव्यात स्वतः चालवायला भाड्याने देतात त्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं लागतात. ती न लावता पर्यटकांना दिलेल्या खासगी गाड्याही पुढे जुन्या बाजारात येतात. मालक काही सांगो, चाकं बघा. चारही रिम सारखेच खरवडलेले असतील तर गाडी एका माणसाच्या हातातली नाही. दुसरी पोलो किनाऱ्यालगत उघड्यावर उभी असायची. वरून लखलखीत, पण जॅक लावून चाक काढायला गेलो तर ते हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, असं धरून बसलं होतं की पंक्चरवाल्या मेस्ताने (आमच्याकडे मिस्त्रीला मेस्त म्हणतात) टायरला आतून लाथा घातल्या तेव्हा सुटलं. खारी हवा, लोखंडी हब आणि ॲल्युमिनियमचं रिम एकत्र आले की दोघांच्या मधे पांढरी पूड धरते. हबची ही गत, तर खालच्या पत्र्याची काय असेल? तीही सोडली.

तेव्हा ठरवलं, गाडी घाटावरची बघायची.

मावशी कोल्हापूरला असते. तिच्या शेजाऱ्यांच्या ओळखीतून २०१६ ची, एमएच ०९ पासिंगची, ६१ हजार किलोमीटर चाललेली, एका मालकाची जीटी कळली. शनिवार, १६ मार्चला पाहिली. मागणी पाच लाख पंच्याहत्तर हजार.

कोल्हापूरची गाडी म्हटलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न पुराचा. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळी पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं होतं. मालकांना सरळ विचारलं, त्या दिवसांत गाडी कुठे होती? त्यांनी न चिडता सांगितलं की उंचावरच्या भावाकडे ठेवली होती. तरी तपासलं. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढायचा, गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांवरचे स्क्रू गंजलेत का बघायचं, स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवायचा, फ्यूज बॉक्सच्या मागे टॉर्च मारायचा. सगळं कोरडं आणि स्वच्छ होतं.

मग गाडी शिवाजी उद्यमनगरमधल्या एका गॅरेजमध्ये नेली. गाडीच्या मालकांनी दोन तास दिले, हे त्यांचं मोठेपण. स्कॅनर लावून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमधले जुने दोष वाचले. किलोमीटरचा आकडा मीटरपुरता न बघता जमेल तिथे कंट्रोल युनिटशीही जुळवून घ्या. हा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे आणि २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनलेला आहे. त्याच्या मेकॅट्रॉनिक युनिटच्या, म्हणजे क्लच आणि गिअर हलवणाऱ्या भागाच्या, दुरुस्तीचा आकडा लाखाच्या घरात जातो. म्हणून तरुण मालकाची गाडी असेल तर इंजिनाचं रिमॅपिंग (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) केलंय का हे विचाराच. मी थंड गाडी सुरू करून आधी रिव्हर्स टाकला, मग चढावर हळूहळू सरकवली, पहिला-दुसरा गिअर दहा-बारा वेळा बदलू दिला. हिसका नाही, कटकट आवाज नाही. सर्व्हिसची बिलं ओळीने लावलेली.

एवढं झाल्यावर मी मनातून गाडी घेतलीच होती. ज्या मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेतली होती त्यांनी मला हाताने थांबवलं. "पावणं, रिमं मागनं बघितलासा काय?"

गाडीला मूळचे १५ इंची अलॉय नव्हते. हौसेने बसवलेले १७ इंची काळे कुळकुळीत रिम होते, २०५/४५ आर १७ टायरसह (रुंदी २०५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंची). समोरून देखणे. मागून बघितलं तर पुढच्या डाव्या रिमच्या आतल्या कडेला दोन ठिकाणी बाक आणि मागच्या उजव्या रिमला आतून वेल्डिंगचा जाड ओघळ, वर काळा रंग मारलेला. त्यातल्या एका रिमला तर बॅलन्सिंगची वजनं एकाशेजारी एक चिकटवलेली. मिस्त्री म्हणाले, एवढं वजन लागतंय म्हणजे चाकच गोल नाही.

उद्यमनगरात ओतकाम पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, त्यामुळे तिथल्या माणसाला धातू कळतो. त्यांनी समजावलं ते असं : अलॉय रिम ओतल्यावर त्याला उष्णतेची प्रक्रिया देऊन कडक केलेलं असतं. तडा गेला म्हणून वेल्डिंग मारलं की शिवण धरते, पण तिच्या आजूबाजूचा धातू त्या उष्णतेने परत मऊ पडतो. पुढच्या खड्ड्याला तडा शिवणीत न जाता तिच्या शेजारी जातो. बाक काढता येतो, तोही हलका असेल तर आणि एकदाच. तडा गेलेलं रिम भंगारातच जायला हवं.

आणखी दोन गोष्टी त्यांनीच दाखवल्या. पोलोच्या हबचा मधला उंचवटा ५७.१ मिलिमीटरचा आहे. बाजारातल्या रिमांना सर्वांना बसावं म्हणून भोक मोठं ठेवतात, इथे ते ७३.१ होतं. म्हणजे चहूबाजूंनी आठ मिलिमीटरची मोकळी फट. ती भरायला हब रिंग लागते, ती चारपैकी दोन चाकांना नव्हतीच. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरत होतं ते यामुळे आणि बाकामुळे. दुसरी गोष्ट बोल्टची. या गाड्यांना नट नसतात, बोल्ट असतात, आणि कंपनीच्या बोल्टची बैठक गोलसर असते. बाहेरच्या बऱ्याच रिमांची बैठक शंकूसारखी तिरकी असते. गोल बैठकीचा बोल्ट तिरक्या बैठकीत घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण टेकतो फक्त एका बारीक वर्तुळावर. इथे तेच केलं होतं. मालकांना यातलं काही माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच दिसलं. रिम बसवणाऱ्याने सांगितलं नाही आणि त्यांनी विश्वास ठेवला. या चाकांवर ते मुलांना घेऊन पुण्याला जाऊन येत होते. मला ते ऐकून फार वाईट वाटलं.

टायरही वाचले. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडी संख्या असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुढचे दोन टायर १११८, म्हणजे २०१८ चा अकरावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर सहा वर्षांचं, कडांना बारीक भेगा. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेच बाद, पण म्हातारा टायर नक्षी असतानाही पावसात दगा देतो.

या सगळ्यावर बोलणं होऊन व्यवहार पाच लाख पस्तीस हजारांना ठरला. ५१ हजार टोकन दिलं. अट एकच घातली : गाडी न्यायला येईन तेव्हा त्यावर मी आणलेली चाकं चढतील, मगच तिला घाट दाखवेन.

मूळच्या मापाचा, म्हणजे १८५/६० आर १५ चा, कंपनीचा जुना अलॉय सेट पुण्यात २२ हजारांना मिळाला. बरेच जण विचारतात की १७ इंची काढून १५ वर कशाला आलास. १८५ च्या ६० टक्के म्हणजे टायरच्या भिंतीची उंची १११ मिलिमीटर. २०५ च्या ४५ टक्के म्हणजे ९२. रिम आणि खड्डा यांच्यामधली १९ मिलिमीटरची गादी आपण दिसण्यासाठी देऊन टाकतो. जुलैत आमच्याकडच्या रस्त्यांवर ती गादीच रिम वाचवते. चार नव्या टायरना २६ हजार लागले. ते मी मावशीच्या घरी मागवून तिथेच बसवून घेतले.

आता कागदपत्रं. गाडीवर आधी कर्ज होतं. ते फिटलं होतं, पण आरसीवरून (नोंदणी प्रमाणपत्रावरून) कर्जाचा बोजा उतरवलेला नव्हता. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवावा लागला. एनओसीसाठी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला लागणाऱ्या ना-हरकत दाखल्यासाठी, फॉर्म २८ च्या तीन प्रती, त्यावर चासी नंबरची पेन्सिलने घासून घेतलेली छाप, चालू विमा, पीयूसी, आणि गाडी कुठल्या गुन्ह्यात नाही याचा अहवाल. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर १९ मार्चला भरला, तिथेच अडकला. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर मालकांनी कधीच बंद केला होता, ओटीपी येणार कुठे? नंबर बदलून घेण्यात दहा दिवस गेले. त्यात मार्चअखेर. टोकन देण्याआधीच विक्रेत्याला विचारा : आरसीला जोडलेला नंबर चालू आहे का? आणि ई-चलन तपासा. या गाडीवर दोन जुनी चलनं निघाली, ती मालकांनी लगेच भरली, कारण ती बाकी असती तर एनओसी पुढे सरकलं नसतं.

त्या चार आठवड्यांत मी रोज रात्री पोर्टल उघडून बघायचो. पैसे दिलेले, गाडी दुसऱ्या राज्यात, कागद कुठे तरी मधे. झोप नीट लागत नव्हती, हे खरं सांगतो. १८ एप्रिलला एनओसी हातात आलं आणि त्या रात्री गाढ झोपलो.

शनिवार, २० एप्रिलला उरलेले पैसे बँकेतून दिले, फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर सह्या घेतल्या. डिलिव्हरी नोट केली. तीत तारखेसोबत वेळ आणि किलोमीटर लिहिले, दोघांच्या सह्या, दोघांकडे प्रत. त्या मिनिटानंतरचं चलन माझं, आधीचं त्यांचं. त्यांचा फास्टॅग त्यांनी समोरच बंद केला, मी नवा काढला. विम्याचंही तेव्हाच सांगतो. मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करायचा अर्ज द्यायचा असतो. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचं तसं नाही. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याची सूट, गाडीचा नसतो, माणसाचा असतो, त्यामुळे त्याचा फरक मला भरावा लागला.

रविवारी पहाटे निघालो. निपाणी, आजरा, आंबोली. मावशीने दहीसाखर हातावर ठेवली होती. चाकं बदलल्यामुळे पहिल्या साठ किलोमीटरवर, आजऱ्याच्या अलीकडे थांबून टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळायच्या पान्याने) सगळे बोल्ट पुन्हा तपासले, १२० न्यूटन मीटर. दोन बोल्ट किंचित फिरले. आंबोलीच्या उतारावर धुकं होतं, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये शांत उतरत होती, आणि स्टिअरिंगमध्ये आदल्या महिन्यातली ती थरथर नावालाही नव्हती. सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी. गोव्याची हद्द लागली तेव्हा खिडकी उघडी करून ओरडावंसं वाटलं.

खरेदीदाराने ३० दिवसांत मालकी बदलाचा अर्ज द्यायचा असतो. मी २९ एप्रिलला डिचोलीच्या वाहतूक कार्यालयात गेलो. फॉर्म २७ नव्या राज्याच्या नंबरसाठी, सोबत २९, ३०, एनओसी, मूळ आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन कार्ड. खिडकीवरच्या बाईंनी एकेक कागद बघून दोन त्रुटी तिथेच दाखवल्या, त्यामुळे दुसरी फेरी वाया गेली नाही. लोकसभेच्या मतदानाचे दिवस होते, गोव्यात ७ मेला मतदान. त्यानंतर १४ मेला गाडी दाखवायला बोलावलं. इंजिन आणि चासी नंबर तपासले, चाकं-दिवे पाहिले. माझ्या मनात आलं, ते काळे १७ इंची असते तर इथे काय उत्तर दिलं असतं? रस्ता कर ऑनलाइन भरला. महाराष्ट्रात आधी भरलेल्या कराचा परतावा मागता येतो. तो भरला होता मालकांनी, म्हणून त्याचा हक्क त्यांचाच ठरवला आणि नव्या आरसीची प्रत त्यांना पाठवली. १२ जूनला जीए ०४ चा नंबर पडला, २८ जूनला उच्च सुरक्षा पाट्या बसल्या. एजंट घेतला नाही. चार अर्ध्या रजा गेल्या.

चाकांचं काम अजून बाकी होतं. पुण्याहून आणलेल्या सेटवर लॅकरच्या, म्हणजे वरच्या पारदर्शक थराच्या, खाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेघा धावल्या होत्या. लॅकरला कुठे तरी टवका उडतो, ओल आत शिरते आणि ॲल्युमिनियम आतल्या आत खात जाते. वरून कितीही पॉलिश करा, ती थांबत नाही. सगळा रंग उतरवून पावडर कोटिंग करणं हाच इलाज. एका रिमला हलका बाक होता, तो आधी काढून घेतला. चारही मिळून दहा हजार आणि आठवडाभर गाडी घरात. रंगाआधी वेल्डिंग किंवा तडा नाही ना हे उघड्या धातूवर स्वतः बघून घ्या. रंग चढल्यावर काही दिसत नाही. माझ्या मते चकाकत्या मशीन-कट (मशीनवर तासून चमकवलेल्या) रिमपेक्षा साधा करडा पावडर कोट आपल्या हवेत जास्त टिकतो. मशीन-कट पुन्हा करायचं म्हणजे दर वेळी थोडा धातू तासायचा, ते किती वेळा करणार?

डिचोलीत दोन धुळी चाकावर बसतात. एक ब्रेकची काळी, दुसरी रस्त्यावरची तांबडी. पावसात दोन्ही मिळून चिखल होतो आणि स्पोकच्या मागे धरून बसतो. मी दर रविवारी चाकं थंड असताना साध्या पाण्याने आणि साबणाने आतपर्यंत धुतो. चाकांसाठी वेगळी बादली आणि वेगळं फडकं. गरम चाकावर थंड पाणी नको, आणि वॉशिंग सेंटरवर झटपट चकाकी आणणारं आम्ल तर अजिबात नको, त्याने लॅकर मरतं. समुद्राकडे जाऊन आलो की त्याच रात्री पाणी मारतो. दर सहा महिन्यांनी चाकं उतरवून हब तारेच्या ब्रशने घासतो आणि हबच्या बैठकीवर गंजविरोधक पेस्टचा अगदी पातळ हात देतो. बोल्टच्या आट्यांना आणि बैठकीला पेस्ट किंवा ग्रीस लावायचं नाही, टॉर्कचा आकडा खोटा पडतो. बोल्ट हवेच्या गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका, शेवटचा फेरा हाताने, रेंचने. आमचा पंक्चरवाला मेस्त पहिल्या वेळी माझा रेंच बघून गप्प राहिला होता. आता तोच मागून घेतो.

जुलैच्या मध्यावर, रात्री, साखळीच्या रस्त्यावर पाण्याखालचा खड्डा बसलाच. आवाजाने पोटात गोळा आला. सकाळी चाक काढून आतून बघितलं, बॅलन्सिंगवर फिरवून पाहिलं. रिम शाबूत, टायरला फुगवटा नाही, फक्त अलाइनमेंट हललं होतं. ती १९ मिलिमीटर कामी आली.

चवथीच्या आधी गॅरेजमधला पसारा आवरताना ते चार काळे रिम कोपऱ्यात दिसले. व्यवहारात गाडीबरोबर मलाच मिळाले होते. दोन जण विकत मागायला आले, एक तर सोळा हजार देत होता. बाक नसलेले दोन रिम मी त्याला दिले, हब रिंग आणि योग्य बोल्ट कुठले घ्यायचे ते कागदावर लिहून. बाकवालं आणि वेल्डिंगवालं दिलं नाही. दोन्ही भंगारवाल्याकडे नेली, वजनाआधी घणाने कडा फोडून घेतल्या. वेल्डिंगवालं तिसऱ्या घावाला फुटलं. तडा शिवणीत नव्हता, शिवणीच्या बोटभर बाजूला होता.